पोरगं सारखं गळून जायलंय: च्यवनप्राश, अरविंदासव का अजून काही?

शेवंता_लातूर | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. शाळेतून आला की दप्तर फेकतो आणि दिवाणावर आडवा. गल्लीतली पोरं खेळायला बोलवायला येतात, तर हा "पाय दुखायलेत" म्हणून आतच बसतो. जेवण म्हणाल तर चतकोर भाकरी, तीही मागं लागून. चहा-बिस्कीट मात्र कधीही चालतं. वजन १८ किलो.

सासूबाई म्हणतात अरविंदासव सुरू कर, आमच्या सगळ्या लेकरांना तेच दिलं. जाऊबाई संभाजीनगरला असतात. त्यांच्याकडं पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब पाजतात, म्हणून त्यांची मुलगी लई हुशार झाली म्हणे. मेडिकलवाल्यानं न विचारता एक बाटली काउंटरवर ठेवली. वर पळणाऱ्या पोराचं चित्र, खाली अश्वगंधा, शतावरी, ब्राह्मी अशी नावं. ती अजून फोडली नाही. च्यवनप्राशचा डबा घरात आहेच.

यातलं काय द्यावं? किती? सगळं एकदम चालतं का? अनुभव असेल त्यांनी सांगा. "डॉक्टरला दाखवा" एवढंच लिहून जाऊ नका, तिथं तर जाणारच आहे.

हुरडा_पार्टी | ८ डिसेंबर, रात्री ९:५८

आमच्याकडं च्यवनप्राशचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात असायचा. स्टुलावर पाट, पाटावर मी. जी काय ताकद आली ती चढण्या-उतरण्यानंच आली असणार.

नांदेडची_मावशी | ८ डिसेंबर, रात्री १०:२०

शेवंता, अगोदर ती मेडिकलची बाटली परत कर. आम्ही दोन लेकरं वाढवली ती घरच्या वस्तूंवर. थंडीत अळिवाचे लाडू, डिंक, खारीक-खोबऱ्याची पूड दुधातून. बाळ असताना गुटी उगाळायची, सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, प्रत्येकाचे वेढे मोजून. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर लेकरू दुपारभर झोपायचं, म्हणून सासूबाई ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. अरविंदासव आम्ही पण दिलंय. काही वाईट झालं नाही.

तर्कट_परभणी | ८ डिसेंबर, रात्री १०:४१

मावशी, "काही वाईट झालं नाही" म्हणजे फायदा झाला असं नव्हे. लेकरं तशीही वाढतातच.

शेवंताताई, घरात जो डबा आहे त्याचं मागचं लेबल वाचा. बारीक अक्षर आहे, मोबाईलवर फोटो काढून मोठं करा. पुढच्या बाजूला आवळ्याचं चित्र असतं, मागं साखरेचा आकडा. बहुतेक डब्यांत वजनानं सगळ्यात मोठा घटक साखरच निघतो. शतावरीच्या दाणेदार कल्पाचं तर विचारूच नका, ती शतावरी लावलेली साखर असते. मग पोरगं एखादा दिवस जरा नाचलं की घरचे म्हणतात बघा टॉनिक लागू पडलं.

मेडिकल_काउंटर | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

शेवंताताई, मी पण मेडिकलवालाच, तालुक्याच्या गावात. न विचारता बाटली का ठेवली ते सांगतो. टॉनिकवर मार्जिन बरं असतं आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नाही. परीक्षा आली की ब्राह्मी-शंखपुष्पी, पावसाळा संपला की भुकेच्या बाटल्या. दर वर्षी हेच.

आसव किंवा अरिष्टाच्या बाटलीवर "स्वनिर्मित मद्यार्क" असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. आसव आंबवून करतात, त्यात ५ ते १० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आपोआप तयार होतं. ते बाहेरून घातलेलं नसतं, पण असतं. म्हातारी माणसं दोन-दोन चमचे नुसतं पाजतात, पाणी पण मिसळत नाहीत.

हुरडा_पार्टी | ८ डिसेंबर, रात्री ११:०९

म्हणजे आजी आम्हाला बसवत होती तर! तरीच अरविंदासव म्हटलं की आम्ही रांगेत उभे.

वैद्य_पूर्णाकाठ | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी बीएएमएस, पुढं कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातलं बालरोगशास्त्र. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकलो. रात्रीचं सगळं वाचलं, थोडं सविस्तर लिहितो.

आयुर्वेदात "ताकदीचं औषध" सगळ्यात शेवटी येतं, पहिलं नाही. अगोदर बघायचं भूक लागते का, पोट साफ होतं का, जंत आहेत का, झोप कशी आहे. अग्नी मंद असताना रसायन, म्हणजे हेच ताकदीचं औषध, दिलं तर मळलेल्या कापडाला रंग द्यावा तसं होतं, चढत नाही. हे आमच्या ग्रंथांतच सांगितलंय. तेव्हा चतकोर भाकरी खाणाऱ्या पोराला च्यवनप्राश, अश्वगंधा, शतावरी एकदम सुरू केली तर आहे ती भूकही मरेल. शतावरी तर पचायला जड.

च्यवनप्राश चरकाच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात आहे. पाठात पाचशे आवळे आहेत, शिवाय दशमूळ, तूप, तिळाचं तेल, मध आणि साखरही आहे. त्यामुळे तर्कटराव, साखर मुळातच नव्हती असं नाही. तक्रार प्रमाणाची असेल तर ती मलाही मान्य. लेकराची भूक चांगली असेल तर अर्धा चमचा सकाळी पुरतो. ब्रेडला फासून खायची ती वस्तू नाही.

अरविंदासव भैषज्यरत्नावलीत बालरोगांत सांगितलंय, त्यामुळे सासूबाई हवेतलं काही बोलत नाहीत. पण ते वयानुसार मात्रेत, समभाग पाण्यातून, जेवणानंतर आणि तपासलेल्या मुलाला द्यायचं. घरातल्या पाच जणांना एकाच चमच्यानं नाही.

सुवर्णप्राशनाचा आधार काश्यपसंहितेतला आहे. तिथं सोनं पाण्यात उगाळून मध-तुपासोबत महिनाभर, सहा महिने चाटवण्याचं वर्णन आहे. २७ दिवसांतून एकदा शिबिरात दोन थेंब, ही अलीकडं रूढ झालेली पद्धत. देऊ नका असं मी म्हणत नाही, मी स्वतःही देतो. पण थेंबात काय आहे, कुठल्या परवान्यावर बनवलंय, हे विचारा. सांगता येत नसेल तर उठून या.

आणि "कुमारकल्याण रस" नावाची गोळी कुणी सुचवली तर परस्पर आणू नका. त्यात रससिंदूर, म्हणजे पाऱ्याचा कल्प असतो. अशी औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची.

तर्कट_परभणी | ९ डिसेंबर, सकाळी ८:३०

पाऱ्याचा विषय तुम्हीच काढला ते बरं झालं. २००४ साली एक अभ्यास छापून आला, त्यात अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली होती. ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लहान मुलांसाठीची पण होती त्यात. यावर काय म्हणणं?

वैद्य_पूर्णाकाठ | ९ डिसेंबर, दुपारी १:५०

म्हणणं असं की किराणा दुकानात मिळणारी वस्तू आणि वैद्यानं लिहून दिलेलं औषध एका तागडीत घालू नका. भस्म, म्हणजे धातू जाळून केलेली पूड, नीट मारलेलं आहे का याच्या परीक्षा ग्रंथात दिल्यात, आता प्रयोगशाळाही आहेत.

डॉ_बालाघाट | ९ डिसेंबर, रात्री ९:१०

बालरोगतज्ज्ञ आहे, बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस. वैद्यबुवांशी ऐंशी टक्के सहमत, पण भस्माच्या बाबतीत नाही. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच म्हणते. परीक्षा कितीही चांगल्या असोत, तालुक्याच्या बाजारात मिळणारी पुडी त्यातून गेली का हे आईला कळणार कसं? धातू असलेलं काहीही लहान मुलाला नको, हे माझं मत. वैद्यबुवांनी रागावू नये.

आता मूळ प्रश्न. ताई, दमणूक, पाय दुखणं, भूक नाही, चहा-बिस्कीट. हे वाचून पहिला संशय रक्तक्षयाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयी निघाली, देशाचा आकडा ६७.१ टक्के. म्हणजे तीन मुलांतली दोन. तुमचा मुलगा त्या वयोगटाच्या पुढं गेलाय, पण सात वर्षांचा झाला म्हणून रक्त आपोआप भरत नाही. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. साधी सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करा, बोटभर रक्ताचं काम.

वजनाचा एक ढोबळ हिशेब: ७ ते १२ वर्षांत वयाला ७ नं गुणा, ५ वजा करा, २ नं भागा. सातव्या वर्षी २२ किलो येतात. १८ म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. एका आकड्यापेक्षा वर्षभरात किती वाढलं ते महत्त्वाचं. शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड असेल तर शोधा.

चहा बंद करा, निदान जेवणाच्या आगंमागं तरी. चहातल्या घटकांमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. उलट वरणावर लिंबू पिळलं, जेवणात आवळा किंवा पेरू असला तर शोषण वाढतं. भाजी लोखंडी कढईत करा. आणि झोप किती होते? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागते. साडेअकरापर्यंत मोबाईल आणि सहाला शाळेची रिक्षा, अशा पोराला जगातलं कुठलंही टॉनिक उभं करू शकत नाही.

हिमोग्लोबिन चांगलं निघालं तर मग बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि घरात कुणाला टीबी होता का, हे बघावं लागेल. तेवढं ज्या-त्या डॉक्टरवर सोडा.

अंगणवाडी_ताई | ९ डिसेंबर, रात्री ९:४४

डॉक्टरसाहेबांनी जंताचं थोडक्यात आटोपलं. (आटोपलं काय, लिहिलंच नाही!) मी सांगते. १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. २०१५ पासून सुरू आहे. दोन वर्षांच्या वरच्या लेकराला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. चावून खायची. गोड असते. तरी निम्म्या आया म्हणतात, "ताई, घरी देते, हातात द्या." हातात दिलेली गोळी फ्रिजवर जाते आणि तिथंच राहते. म्हणून आम्ही डोळ्यांसमोर खायला लावतो, त्यावरून भांडणं होतात.

लोहाचंही तसंच. ५ ते ९ वर्षांना शाळेत आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहाच्या पुढच्या लेकरांना निळी. बारक्या बाळांना सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी होते म्हणून बायका घाबरून बंद करतात. लोहानं शी काळी होतेच, त्यात काही नाही. शेवंताताई, मुलाला शाळेत गुलाबी गोळी मिळते का विचारा. आणि तो खातो का, का बेंचखाली टाकतो तेही विचारा.

हुरडा_पार्टी | ९ डिसेंबर, रात्री १०:०२

आमच्या वर्गाच्या खिडकीखाली गोळ्यांचा सडा असायचा. तिथली बाभळ भारी वाढली.

मास्तर_माजलगाव | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो, आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडं जातात. काही लेकरं आजी-आजोबांकडं राहतात, बाकीची सोबत. मार्चनंतर परत येतात तेव्हा कोपीतली, म्हणजे फडावरच्या झोपडीत राहून आलेली लेकरं लगेच ओळखू येतात. केस तांबूस, ओठांचे कोपरे फुटलेले. दुपारची खिचडी वाढताना तिसऱ्यांदा ताट पुढं करतात. त्यांच्या बापानं आठवडी बाजारातून "ताकदीची पुडी" आणलेली असते, पन्नास-शंभर रुपये मोजून. तेवढ्या पैशात अंडी आली असती, शेंगदाणे आले असते. पण पुडी विकणारा माणूस मधाळ बोलतो, अंडी विकणारा बोलत नाही.

डॉ_बालाघाट | १० डिसेंबर, दुपारी २:२०

मास्तर, त्या पुडीबद्दल अजून एक. लेबल नसलेल्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. लेकराची भूक एकदम वाढते, गाल भरतात, घरचे खूश. प्रत्यक्षात ती सूज असते. आणि बरेच दिवस दिल्यावर अचानक बंद केली तर लेकरू गंभीर होऊ शकतं. अशी पुडी सुरू असेल तर मनानं थांबवू नका, पुडी घेऊन दवाखान्यात या.

वैद्य_पूर्णाकाठ | १० डिसेंबर, दुपारी ३:०५

याला शंभर टक्के अनुमोदन. आयुर्वेदाच्या नावावर सगळ्यात मोठा डाग या पुडीवाल्यांचा आहे, आणि शिव्या आम्ही खातो.

गोदाकाठचा_पाहुणा | १० डिसेंबर, रात्री ८:१५

थोडं अवांतर. आमच्या परळीच्या वैजनाथाची कथा अशी की समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी, दोघांना विष्णूनं शिवलिंगात लपवलं, राक्षसांच्या हाती लागू नये म्हणून. आजी सांगायची, म्हणून तिथं लिंगाला हात लावून दर्शन घ्यायचं. वैद्यांचाच नाथ आपल्या मराठवाड्यात बसलाय आणि आपण टॉनिकचा धागा काढतोय.

तर्कट_परभणी | १० डिसेंबर, रात्री ८:२२

परळीत औष्णिक वीज केंद्र पण आहे, एनर्जीचा प्रश्न तिथं मिटवा.

नांदेडची_मावशी | १० डिसेंबर, रात्री ८:५०

देवाधर्माची टिंगल नको हां तर्कटा.

शेवंता, मूळ अडचण मला वेगळीच दिसते. लेकरू खात नाही, कारण त्याच्या ताटात तेच ते पडत असेल. ज्वारीची भाकरी आमची पोरं पण नको म्हणायची. मग मी त्याच पिठात कांदा, तीळ, कोथिंबीर घालून धपाटे करायचे, वर दही, शेंगदाण्याची चटणी. तीन-तीन खायची. बाजरीच्या पिठात गूळ घालून थंडीत टिकल्या करायच्या. जवसाच्या चटणीवर कच्चं तेल. हे सगळं आपल्या इथलंच आहे, मेडिकलात जावं लागत नाही.

सोयाबीन_भाव_पडले | १० डिसेंबर, रात्री ९:३०

आता ज्वारी घरात असते कुणाच्या? आमच्या शिवारात सगळं सोयाबीन. भाकरीचं पीठ विकत आणतो आणि कडब्यासाठी गुरंवाले रडायलेत. लेकरं चपाती-बिस्किटावर आली ती त्यामुळं. मावशीचे धपाटे भारी, पण रब्बीची ज्वारी पेरणारा माणूस शोधून दाखवा.

गोदाकाठचा_पाहुणा | १० डिसेंबर, रात्री ९:४१

मंगळवेढ्याकडं पेरतात की अजून.

सोयाबीन_भाव_पडले | १० डिसेंबर, रात्री ९:४३

ते मराठवाड्यात कधी आलं?

शेवंता_लातूर | १९ डिसेंबर, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. मध्ये येता आलं नाही. सीबीसी केली. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलंय, जंताची गोळी तिथंच खायला लावली, आणि दोन महिन्यांनी परत रक्त तपासायला सांगितलंय. शाळेत गुलाबी गोळ्या मिळतात. आमचा हिरो त्या मित्राला देत होता म्हणे, मित्राला रंग आवडतो. बाईंना सांगून आलेय.

चहा बंद केल्यावर तीन दिवस घरात रणकंदन. खरा विरोध मुलाचा नव्हताच, सासऱ्यांचा होता. ते बशीत ओतून द्यायचे त्याला, दोघांचा तो सकाळचा कार्यक्रम. आता बशीत दूध ओततात. त्यांनी स्वतःहून काढलेला तोडगा.

वैद्यांकडेही जाऊन आलो, कारण सासूबाईंचं समाधान व्हायला पाहिजे ना. त्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं की सिरप चालू ठेवा, आसव आत्ता नको, भूक सुधारली की च्यवनप्राश अर्धा चमचा. हे वैद्यांच्या तोंडून आल्यामुळं सासूबाईंनी एका शब्दात मान्य केलं. मी तेच आठवडाभर सांगत होते, ते सोडा. मेडिकलची बाटली परत केली, त्यानं पैसे दिले नाहीत, बदल्यात साबण-टूथपेस्ट दिली.

मेडिकल_काउंटर | १९ डिसेंबर, रात्री १०:१५

आम्ही पण तेच केलं असतं.

नवी_आई_हिंगोली | २ जानेवारी, दुपारी १२:३०

धागा वर काढतेय, माफ करा. बाळ आठ महिन्यांचं आहे. येत्या पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन द्यायचं ठरलंय, थेंब मध-तुपातले आहेत. शक्तीसाठी चांगलं ना?

डॉ_बालाघाट | २ जानेवारी, दुपारी १२:५२

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. कुठल्याही रूपात नको, चाटणातही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, श्वासापर्यंत जातं. हे क्वचित होतं, पण होतं. मोठ्यांना त्याच मधानं काही होत नाही.

वैद्य_पूर्णाकाठ | २ जानेवारी, दुपारी ४:१०

मीही वर्षाच्या आत देत नाही, पालकांनी आग्रह केला तरी. आठ महिन्यांच्या बाळाला आईचं दूध आणि वरचं खाणं. मऊ भात-वरण, वर तूप, कुस्करलेलं केळं. पुष्य नक्षत्र पुढच्या वर्षीही येईल.

नवी_आई_हिंगोली | २ जानेवारी, सायंकाळी ५:३०

बरं झालं विचारलं. आईला हा धागाच वाचायला दिला. ती म्हणते थेंब राहू दे, पण मग मोरावळा तरी? म्हणजे मोठ्या पोरीसाठी, ती पाच वर्षांची आहे. आवळे आलेत बाजारात.

नांदेडची_मावशी | २ जानेवारी, रात्री ८:४०

कर की. मोठे, डाग नसलेले आवळे घे. काट्यानं टोचून तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेव, तुरटपणा कमी होतो. सकाळी दोन-तीनदा धुऊन वाफवून घे, फुटू देऊ नको. मग एकतारी पाकात सोडून मंद आचेवर ठेव, आवळा काचेसारखा दिसायला लागला की उतरव. वेलदोडा, हवं तर केशर. पाक दोन दिवसांनी पातळ झाला तर नुसता पाक परत आटवायचा, आवळे नाही.

तर्कट_परभणी | २ जानेवारी, रात्री ८:५५

साखर किती?

नांदेडची_मावशी | २ जानेवारी, रात्री ९:०१

किलोला सव्वा किलो. लेबल लावू का बरणीला?

तर्कट_परभणी | २ जानेवारी, रात्री ९:०४

लावा, आणि एक बरणी परभणीला पाठवा.